गुमान आणि तहकीक

आपल्या घरांतून बोलल्या जाणाऱ्या दख्खनीत 'गुमान' म्हणजे कयास, शंका, मनाने परस्पर बांधलेला तर्क. मराठीत मात्र 'गुमान' म्हणजे मुकाट्याने, तोंड मिटून. दोन भाषांत दोन अर्थ घेऊन वावरणारा हा शब्द आम्हांला मोठा बोलका वाटतो. माणूस मनात आलेल्या गुमानावर चालू लागतो, तेव्हा त्याची बुद्धी बहुधा गुमान बसलेली असते. अशा झटपट निवाड्यांचा आणि त्यांतून जन्मणाऱ्या अंधविश्वासांचा इतिहास आपल्याच मातीत शोधण्याचा हा प्रयत्न आहे. त्यासाठी फार दूर जायला नको. केडगावपासून सुरुवात करता येते.

हे केडगाव म्हणजे दौंडजवळचे, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे केडगाव नव्हे. अहमदनगर शहराच्या (आता अधिकृत नाव अहिल्यानगर) पुणे रस्त्यावरचे हे उपनगर. एके काळचे स्वतंत्र गाव, रेणुकामातेच्या मंदिरामुळे पंचक्रोशीला ठाऊक असलेले, आता महानगरपालिकेत सामावलेले. केडगावच्या शेजारी नेप्ती आणि तिथे बाजार समितीचा कांद्याचा उपबाजार. लिलावाच्या दिवशी तिथला मुरलेला व्यापारी वक्कलासमोर उभा राहतो, गोणीतला कांदा हातात घेतो, मान दाबून पाहतो, पत्ती सुटते का ते बघतो आणि काही क्षणांत भाव पुकारतो. हा माल किती दिवस टिकेल, कोंब कधी फुटेल, गोल्टी किती निघेल, याचा हिशेब त्याने कागदावर मांडलेला नसतो. 'कसे कळले?' असे विचारले तर 'कळते' एवढेच उत्तर मिळेल. आणि बहुतेक वेळा त्याला खरोखरच कळलेले असते.

मग अंतःप्रेरणेला नावे का ठेवायची? या प्रश्नाचे चांगले उत्तर दोन मानसशास्त्रज्ञांनी मिळून दिले. डॅनियल कानमन यांनी आमोस ट्वर्स्की यांच्या सोबतीने माणसाच्या अंदाजातल्या चुका आयुष्यभर अभ्यासल्या. त्यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. २०२४ मध्ये ते वारले. गॅरी क्लाइन यांनी उलट अग्निशमन दलाच्या अनुभवी अधिकाऱ्यांचे अचूक अंदाज अभ्यासले. एकाला अंदाज फसवा वाटे, दुसऱ्याला विश्वासार्ह. २००९ साली दोघांनी मिळून एक लेख लिहिला. त्याचे सार असे की, दोन अटी पुऱ्या झाल्या तरच अंदाजावर विसंबावे. ज्या गोष्टीचा अंदाज करायचा तिच्यात काही नियमितपणा हवा. आणि अंदाज बरोबर की चूक, हे माणसाला वारंवार कळत राहायला हवे.

कांद्याच्या व्यापाऱ्याच्या बाबतीत या दोन्ही अटी पुऱ्या होतात. कांदा सडतो तो ठरावीक रीतीने सडतो. आणि अंदाज चुकला तर काही दिवसांतच खिशाला झळ बसते. बाजार हा त्याचा निर्दय उस्ताद आहे. पण हाच व्यापारी संध्याकाळी घरी येऊन 'अमुक लोक असेच असतात' म्हणतो, 'नव्या सुनेचा पायगुण बरा नाही' म्हणतो, तेव्हा तो तितक्याच खात्रीने बोलत असला तरी त्याच्यामागे कोणताही उस्ताद उभा नसतो. ज्या अंदाजाला चूक दाखवणारे कोणी नसते, तो अनुभवाने शहाणा होत नाही. तो फक्त ठाम होत जातो. आमच्या मते सगळ्या अंधविश्वासाचे मूळ इथे आहे. अंधविश्वास ठेवणारा माणूस मूर्ख नसतो. एका क्षेत्रात कमावलेली खात्री तो दुसऱ्या क्षेत्रात विनातपास खर्च करीत असतो.

केडगाव ज्या नगराचे उपनगर आहे, त्या नगरच्या निजामशाहीचाच एक प्रसंग पाहा. बुरहान निजामशहा पहिला याने १५३७ च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला. इराणहून आलेले विद्वान शाह ताहिर त्याच्या दरबारी होते. इतिहासकार फरिश्ता याचे बालपण व तारुण्य याच नगरच्या दरबारात गेले. तो सांगतो की, शहजादा अब्दुल कादिर तापाने फणफणला होता. शाह ताहिरांनी बारा इमामांच्या नावाने नवस करण्यास सांगितले. रात्री सुलतानाला स्वप्नात दृष्टान्त झाला आणि सकाळी ताप उतरला. पंथाच्या खऱ्याखोट्याचा प्रश्न आम्ही इथे काढीत नाही. तो ज्याचा त्याच्या ईमानाचा भाग आहे. इतिहासकारांनी या धर्मांतरामागे दरबारातील गटांचे आणि इराणशी असलेल्या संबंधांचे राजकारणही पाहिले आहे. आम्हांला लक्षात घ्यायचे आहे ते एवढेच की, लोकांच्या स्मृतीत राजकारण उरले नाही, ताप उरला. कारण 'हे झाले आणि लगेच ते झाले' ही गोष्ट मनाला चटकन पटते. ताप आपल्या गतीनेही उतरतो. पण उतरण्याच्या आदल्या रात्री जे केले असेल, त्याला श्रेय जाते. नवस केले आणि ताप उतरला नाही, अशी लेकरे बखरीत येत नाहीत.

याच्या शेजारी मदिनेतील एक घटना ठेवून पाहावी. हिजरी १० (इ. स. ६३२) मध्ये हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला आणि त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. शोकाकुल लोक म्हणू लागले की, पैगंबरांच्या मुलासाठी सूर्यही झाकोळला. योगायोग इतका ठळक होता आणि तो पैगंबरांची महती वाढवणाराही होता. नुसते मौन पाळले असते तरी कोट्यवधींनी ती गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली असती. परंतु त्यांनी लोकांना स्पष्ट बजावले की, सूर्य-चंद्र ही अल्लाहची चिन्हे आहेत. कोणाच्या जन्माने वा मरणाने त्यांना ग्रहण लागत नाही. पोटचे मूल गेलेल्या दिवशी, आपल्या बाजूने बोलणारा योगायोग एका बापाने नाकारला. विवेकाचा याहून मोठा धडा आम्हांला इतिहासात सापडलेला नाही. आपल्याविरुद्धची अफवा खोडणे सोपे असते. आपल्याला सोयीची अफवा खोडण्यासाठी काळीज लागते.

सोयीच्या खबरीला माणूस का भुलतो, याचे विवेचन इब्न खल्दून याने १३७७ साली आपल्या 'मुकद्दिमा'मध्ये केले. खबरीत खोटे कसे शिरते, याची तो कारणेच देतो. मन एखाद्या मताच्या किंवा पंथाच्या बाजूने झुकलेले असले, की त्या मताला जुळणारी खबर ते विनाचौकशी स्वीकारते. सांगणाऱ्यावर भाबडा विश्वास हे दुसरे कारण. वर, जे सांगितले जाते ते मुळात शक्य तरी आहे का, हे तपासण्याचा आळस. प्राचीन बनी इस्राईलच्या फौजेत सहा लाख आणि त्याहून जास्त सैनिक होते, ही मसऊदीसारख्या नामवंत इतिहासकाराने दिलेली संख्या त्याने साध्या हिशेबाने नाकारली. एवढी फौज मावेल कुठे, लढेल कशी, आणि काही पिढ्यांत एवढी माणसे येतील कुठून? आज मानसशास्त्र ज्याला पूर्वग्रहाला पुष्टी शोधण्याची प्रवृत्ती म्हणते, ती या ट्युनिसच्या विद्वानाने साडेसहाशे वर्षांपूर्वी नोंदवून ठेवली आहे.

आता हा आरसा आपल्या घराकडे वळवू. सफर महिन्याचे पहिले तेरा दिवस, म्हणजे तेरा तेजी, दख्खनी मुसलमानांत अशुभ मानण्याची चाल जुनी आहे. १८३२ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या जाफर शरीफ यांच्या 'कानून-ए-इस्लाम' या ग्रंथातही तिची नोंद सापडते. या दिवसांत लग्न नको, प्रवास नको, नवे काम नको. उशाशी अंडी ठेवायची आणि सकाळी ती सदका म्हणून द्यायची, हेही काही घरांत चाले. वस्तुतः पैगंबरांनी अपशकुनाची कल्पना आणि सफरविषयीची भीती दोन्ही नाकारल्याचे हदीसमध्ये आहे. तरीही चाल टिकली. कारण सोपे आहे. सफरमध्ये अपघात झाला तर तो आयुष्यभर आठवतो. रजबमध्ये झाला तर नुसता अपघात ठरतो. ज्यांनी सफरमध्ये लग्न केले आणि ज्यांचे संसार उत्तम झाले, त्यांची यादी कोणी ठेवीत नाही. आणि सगळेच टाळू लागले, तर भीती खोटी ठरवणारा दाखलाच निर्माण होत नाही. नेप्तीच्या बाजारात निदान माल विकावा लागतो. इथे मालच बाजारात येत नाही.

तेरा तेजीने फार तर लग्नाची तारीख पुढे जाते. पायगुणाने मात्र माणसाचे आयुष्य करपते. सून घरात आली आणि दोन महिन्यांत सासऱ्याची नोकरी गेली, दुकान बसले, म्हैस दगावली, की बोट तिच्याकडे वळते. ही समजूत हिंदू घरात आहे तशी आपल्याही घरात आहे. त्याच दोन महिन्यांत त्याच गल्लीत आणखी किती दुकाने बसली, हे विचारले जात नाही. त्या मुलीपाशी आपली बाजू मांडायला काय पुरावा असणार? 'मी आले नसते तर काय झाले असते' हे ती दाखवू शकत नाही. अंदाजाची चूक दाखवणारे कोणी नसते, तिथे अंदाजाची किंमत दुसऱ्यालाच मोजावी लागते; आणि तो दुसरा घरातला सगळ्यांत दुबळा माणूस असतो.

घराकडून समाजाकडे येऊ. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या अफवांचा अभ्यास जमुना प्रसाद या भारतीय मानसशास्त्रज्ञाने केला आणि तो १९३५ साली प्रसिद्ध झाला. जिथे धक्के जाणवले पण पडझड झाली नाही, अशा भागांतील त्या अफवा होत्या. आश्चर्य असे की, संकट टळल्याचा दिलासा त्यांत नव्हता. लवकरच याहून भीषण काही घडणार, अशीच बहुतेकींची भाषा होती. पुढे लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन संशोधकाने १९५७ साली आपल्या प्रसिद्ध सिद्धान्ताची मांडणी करताना या अभ्यासाचा आधार घेतला. त्याचा अर्थ असा की, लोक घाबरलेले होते, पण समोर घाबरण्यासारखे काही दिसत नव्हते. म्हणून मनाने भीतीला शोभेल असे संकट रचले. अफवेमुळे भीती निर्माण होते असे आपण समजतो. पुष्कळदा भीती आधी असते आणि ती आपल्यासाठी अफवा शोधते.

ही गोष्ट लक्षात घेतली की मुंबईच्या प्लेगचे दिवस नीट समजतात. १८९६ मध्ये साथ आली तेव्हा रुग्णालयात नेऊन माणसे मारतात, त्यांच्या देहातून औषधी तेल काढतात, अशा वावड्या उठल्या. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने ऑर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. ९ मार्च १८९८ रोजी एका आजारी मुलीच्या प्रकरणावरून जुलाहा विणकरांच्या वस्तीत दंगल पेटली. तेल काढण्याची गोष्ट खोटी होती. पण घराघरांत घुसून होणारी तपासणी, पडदानशीन बायकांची झालेली विटंबना, माणसे जबरदस्तीने उचलून नेणे, हे खोटे नव्हते. भीतीला आधार होता, अफवेला नव्हता. सरकारने फक्त अफवा पाहिली आणि लोकांना अडाणी ठरवले. लोकांनी फक्त भीती पाहिली आणि उपचाराकडे पाठ फिरवली.

एकशेवीस वर्षांनी अफवा हातातल्या मोबाइलवर आली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. मंगळवेढ्याच्या बाजूने पोटासाठी आले होते. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश गावोगाव पसरले होते. त्यांच्यातील एकाने आठवडे बाजारात एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, एवढे निमित्त पुरले. त्याच रात्री मालेगावातही मुले पळवणारे समजून एका कुटुंबाला जमावाने घेरले. त्यांच्यासोबत लहान मूल होते. तिथे मात्र काही स्थानिक माणसांनी त्यांना एका घरात आसरा दिला, पोलीस आले आणि ते जीव वाचले. अफवा तीच, दिवस तोच. फरक एवढाच की, एका ठिकाणी दोन-चार माणसे जमाव आणि गुमान यांच्या मध्ये उभी राहिली.

दोन वर्षांनी याच गुमानाची झळ थेट नगर जिल्ह्याला लागली. मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमधील तबलिगी जमातीच्या मेळाव्यानंतर करोनाचे नाव आणि मुसलमानाचे नाव एका श्वासात घेतले जाऊ लागले. १८ एप्रिल २०२० रोजी आरोग्य मंत्रालयाने सांगितले की, देशातील १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१ जणांचा संबंध या एका मेळाव्याशी आहे. आकडा सरकारी होता. पण अशा आकड्याला अर्थ येतो तो तपासण्या कोणाच्या आणि किती झाल्या हे कळल्यावर. समजा, दोन मोहल्ल्यांत रोगाचे प्रमाण सारखेच, शंभरात पाच आहे. एकात हजार जणांची तपासणी केली, दुसऱ्यात शंभर जणांची. पहिल्यात पन्नास रुग्ण निघतील, दुसऱ्यात पाच. बातमी होईल 'पन्नास विरुद्ध पाच', आणि वाचणाऱ्याला पहिला मोहल्ला दसपट दोषी वाटेल. मन छेद विसरते, अंश तेवढा लक्षात ठेवते. मेळाव्यातून संसर्ग पसरला नाही, असे आम्ही म्हणत नाही. गर्दी जिथे झाली तिथे तो पसरला. परंतु मुसलमान भाजीवाल्याला नाव विचारून गल्लीबाहेर काढण्यासाठी त्या आकड्यात काहीही आधार नव्हता.

नगर जिल्ह्यातील वेगवेगळ्या मशिदींत त्या वेळी आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, जिबूती, बेनिन, इंडोनेशिया येथून आलेले जमातीचे लोक होते. त्यांच्यावर आणि त्यांना आसरा देणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. २१ ऑगस्ट २०२० रोजी न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. शेवलीकर यांच्या पीठाने २९ परदेशी व ६ भारतीय अर्जदारांवरील गुन्हे रद्द केले. साथ किंवा संकट आले की बळीचा बकरा शोधला जातो आणि या परदेशी पाहुण्यांना तसे निवडले गेल्याची शक्यता दिसते, असे निकालात नमूद झाले. माध्यमांतील प्रचारावरही ताशेरे होते. न्या. शेवलीकर यांनी निकालाशी सहमत होताना काही निरीक्षणांशी आपले मत जुळत नसल्याचे स्वतंत्रपणे नोंदवले. तो मतभेदही आम्ही मुद्दाम सांगतो. कारण तहकीक म्हणजे आपल्याला हवे तेवढेच वाक्य उचलणे नव्हे.

इथे थांबलो असतो तर हा लेख सोयीचा झाला असता. परंतु मुलांच्या लसीची गोष्ट सांगितल्याशिवाय तो प्रामाणिक होणार नाही. पोलिओच्या थेंबांनी वंश खुंटतो, ही वावडी देशातील अनेक मुस्लिम वस्त्यांत वर्षानुवर्षे फिरत राहिली. उलेमांनी, डॉक्टरांनी आणि घरोघर फिरणाऱ्या बायकांनी ती चिकाटीने खोडली. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण आढळला नाही आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. वंश काही खुंटला नाही. तरी २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, भिवंडी, मालेगाव या भागांत गोवराची साथ आली आणि लेकरे दगावली. करोनाच्या काळात लसीकरण विस्कळीत झाले होते, वस्त्या दाट, आरोग्यसेवा तोकडी; ही कारणे खरीच. पण लसीविषयीचा संशय हेही एक कारण होते. ज्या समाजाला दुसऱ्यांच्या गुमानाने पोळले, त्याने आपल्या गुमानाने आपलीच लेकरे पोळू द्यावीत काय? भीतीला आधार असेलही. अफवेला आहे का, हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे.

यावर उपाय बाहेरून आणायला नको. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये दोन आदेश जवळजवळ आहेत: भरवशाच्या नसलेल्या माणसाने खबर आणली तर शहानिशा करा, म्हणजे अजाणतेपणी कोणावर अन्याय होणार नाही, आणि गुमानापासून पुष्कळ जपा, कारण काही गुमान गुनाह असतात. याच पायावर मुहद्दिसांनी सनदीची परंपरा उभी केली. हे कोणी सांगितले, त्याने कोणाकडून ऐकले, तो दुसऱ्याला भेटला होता का, त्याची स्मरणशक्ती कशी, चारित्र्य कसे, हे तपासण्यासाठी हजारो माणसांची चरित्रे लिहिली गेली. इमाम बुखारींसारख्यांनी एकेका वचनासाठी मुलुख पालथे घातले. त्या परंपरेचे वारस म्हणवणारे आपण आज 'पुढे पाठवले' एवढीच सनद असलेला संदेश क्षणात शंभर जणांना धाडतो.

अंदाज सोडून कोणाला जगता येणार नाही. रस्ता ओलांडताना, माल पारखताना, रडणाऱ्या लेकराची भूक ओळखताना तोच कामी येतो. पण एखाद्या माणसाविषयी, सुनेविषयी, जमातीविषयी, औषधाविषयी मनात खात्री दाटून आली, की तीन गोष्टी विचारायच्या. ही खात्री चुकीची ठरली तर मला कधी कळेल? जे माझ्या म्हणण्याला जुळत नाही, ते मी मोजले आहे का? आणि मी चुकलो तर किंमत कोण मोजणार? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर नसेल आणि तिसऱ्याचे उत्तर 'दुसरा कोणी' असे असेल, तर तो निवाडा नव्हे, ते गुमान आहे. तिथे जीभ आणि बोट दोन्ही आवरावीत, आणि खरे काय ते शोधायला निघावे.